कॅसेटच्या सुरुवातीची ती दोन-तीन मिनिटं : ॲनिमेशनपट, घरगुती व्हिडिओ आणि स्टुडिओंचे लोगो

निळी_पेटी (धागाकर्ती)

गेल्या महिन्यात रत्नागिरीच्या घरातलं माडीवरचं कपाट आवरलं. मामा मस्कतला होता तेव्हा दर सुट्टीत आमच्यासाठी कार्टून सिनेमांच्या कॅसेटी आणायचा. त्यातल्या अकरा अजून शाबूत निघाल्या. पांढऱ्या फुगीर प्लास्टिकच्या पेट्या, उघडताना टक् असा आवाज करणाऱ्या. त्यातल्या दोन एका दुकानात डिजिटल करायला दिल्या. आठवड्याने पेनड्राइव्ह आणून टीव्हीला लावला, तर सिनेमा थेट नावांच्या पाट्यांपासून सुरू. आधीचं सगळं गायब. विचारलं तर म्हणाले, "पुढच्या जाहिराती उडवल्या, फाइल लहान होते."

मला नेमकं तेच हवं होतं. त्या लोगोंबद्दल गेली काही वर्षं मी वाचते आहे, टिपणं काढते आहे. ती आज इथे मांडते. जाणकारांनी भर घालावी.

डिस्नेपासून सुरुवात करते, कारण ही गोष्ट सगळ्यात सलग तिथे सापडते. ही कंपनी आधी व्हिडिओच्या विरोधात होती. १९७६ साली युनिव्हर्सल आणि डिस्ने यांनी सोनीच्या बेटामॅक्स या घरगुती व्हिडिओ रेकॉर्डरविरुद्ध दावा लावला. लोक घरी बसून टीव्हीवरचे कार्यक्रम टेप करतात, हा स्वामित्वहक्काचा भंग आहे, असं त्यांचं म्हणणं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १७ जानेवारी १९८४ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी सोनीच्या बाजूने निकाल दिला. पण दावा चालू असतानाच, १९८० मध्ये, डिस्नेने स्वतःच्या कॅसेटी बाजारात आणल्या होत्या. भाड्याने द्यायच्या कॅसेटी निळ्या पेटीत, विकायच्या पांढऱ्या पेटीत. त्या कॅसेटींवरचा लोगो म्हणजे काळ्या पडद्यावर निऑनच्या दिव्यांसारख्या रंगीत रेषांनी उमटणारं मिकीचं डोकं. संग्राहक त्याला 'निऑन मिकी' म्हणतात.

त्या लोगोमागे कुठले सिनेमे होते ते बघा. 'डम्बो' आणि 'ॲलिस इन वंडरलँड' १९८१ मध्ये आले, कारण ते पूर्वीच टीव्हीवर दाखवून झाले होते. 'स्नो व्हाइट', 'पिनोकिओ', 'बॅम्बी' यांना हात लावायचा नाही असं ठरलं होतं. हे सिनेमे साधारण दर सात वर्षांनी थिएटरात पुन्हा लागायचे. दर वेळी नवी मुलं, नवी तिकिटं. कॅसेट एकदा घरात गेली की हे चक्र मोडेल, ही भीती खरी होती.

सप्टेंबर १९८४ मध्ये मायकेल आयस्नर आणि फ्रँक वेल्स कंपनीचे नवे प्रमुख म्हणून आले, आणि त्याच डिसेंबरात 'रॉबिन हूड' ही 'वॉल्ट डिस्ने क्लासिक्स' या नव्या मालिकेतली पहिली कॅसेट निघाली. पुढच्या वर्षी 'पिनोकिओ', किंमत ७९.९५ डॉलर! ही किंमत घरच्या माणसासाठी नव्हतीच, ती व्हिडिओ लायब्ररीसाठी. १९८६ मध्ये 'स्लीपिंग ब्यूटी' २९.९५ ला आली आणि कॅसेट पुस्तकासारखी विकत घेऊन फळीवर ठेवायची वस्तू झाली. मग पेटीचा कणा महत्त्वाचा झाला. त्या कण्यावर पत्त्यांतल्या चौकटसारखा काळा आकार आणि आत 'द क्लासिक्स' ही अक्षरं. हाच तो 'ब्लॅक डायमंड'. फळीवर दहा कॅसेटी ओळीने लावल्या की दहा काळे हिरे दिसायचे, आणि अकराव्याची जागा रिकामी आहे हेही दिसायचं.

पडद्यावरचा लोगोही १९८६ मध्ये बदलला. जादूगाराची निळी टोपी घातलेला मिकी आला, 'फँटेशिया'मधला. निऑन मिकी एखाद्या नव्या यंत्राची पाटी वाटायचा. जादूगार मिकीने सांगितलं की आता तुम्ही आमच्या जुन्या खजिन्यात शिरताय. माझ्या मते कंपनीचं मन कुठे बदललं हे या दोन लोगोंत जितकं स्पष्ट दिसतं तितकं कुठल्याच निवेदनात दिसत नाही.

आणि किल्ला? निळ्या पार्श्वभूमीवरचा पांढरा किल्ला आणि त्यावरून जाणारी कमान, हा सिनेमाचा लोगो, १९८५ चा. व्हिडिओ कंपनीचा वेगळा, सिनेमा काढणाऱ्याचा वेगळा. कॅसेटवर दोन्ही एकामागोमाग यायचे. अमेरिकी कॅसेटचा साधारण क्रम असा : कायद्याचा इशारा, येणाऱ्या सिनेमांच्या झलकी (त्यांमागे बहुतेक वेळा मार्क एलियट यांचा तो उबदार, घोगरा आवाज), 'आता आमचा मुख्य चित्रपट' अशी पाटी, व्हिडिओचा लोगो, मग किल्ला. मी लहानपणी हे सगळं पळवत नव्हते. पळवलेलं मला चालतही नसे.

---

काळी_पाच

धागा फार आवडला. एक जुनी शंका विचारतो.

एकाच सिनेमाच्या दोन कॅसेटी आमच्या घरी होत्या, एक दुबईहून आलेली, एक आत्याने न्यू जर्सीहून पाठवलेली. किल्ल्याच्या लोगोची धून दुबईच्या कॅसेटवर चढी वाजायची. मी तेव्हा बाजाची पेटी (हार्मोनियम) शिकत होतो, वाजवून पाहिलं, फरक नक्की होता. आमचे बाबा म्हणायचे मशीन जुनं झालंय. पण मशीन एकच होतं, दोन्ही पद्धती चालणारं.

---

निळी_पेटी

काळी_पाच, तुमचा कान बरोबर होता!

सिनेमाची फिल्म सेकंदाला २४ चित्रांनी चालते. पाल पद्धतीचा टीव्ही सेकंदाला २५ चित्रं दाखवतो. युरोप आणि आखाताचा बराच भाग, आणि भारत, इथे तेव्हा पाल. त्यामुळे पालसाठी सिनेमा उतरवताना सरळ २५ च्या वेगाने पळवत. म्हणजे सुमारे ४ टक्के जलद. नव्वद मिनिटांचा सिनेमा साडेतीन मिनिटं आधी संपतो आणि सगळे सूर चढतात. अमेरिकेच्या एनटीएससी पद्धतीत चित्रांची विभागणी वेगळ्या युक्तीने करतात, तिथे वेग जवळजवळ मूळचाच राहतो.

सूर किती चढतो ते तुमच्या भाषेत सांगते : काळी एकमधली धून पांढरी दोनच्या दिशेने निघते, पण तिथे पोचत नाही. पाऊण पट्टीच्या थोडं अलीकडेच थांबते. म्हणून पेटीवर ती कुठल्याच पट्टीला नीट लागली नसणार.

---

काळी_पाच

अगदी हेच! लागत नव्हती. दोन पट्ट्यांच्या मध्ये अडकायची. इतक्या वर्षांनी उत्तर मिळालं, मनापासून आभार. बाबांना आज फोन करून सांगतो.

ती धून म्हणजे 'पिनोकिओ'तलं ताऱ्याकडे मागणं मागणारं गाणं, ली हार्लाइन यांची चाल. १९४० च्या सिनेमातल्या गाण्याचे पहिले काही सूर पंचेचाळीस वर्षांनी लोगोला मिळाले आणि लोगोचेच होऊन गेले.

---

सातासमुद्रापार

वाचतेय. माझ्याकडे इथे एडिसनला (न्यू जर्सी) तळघरात वीसेक ब्लॅक डायमंड आहेत. मुलं म्हणतात ऑनलाइन एकेक हजारो डॉलरला विकायला ठेवलेली दिसते. खरंच इतकी किंमत आहे का? असेल तर मुलीच्या फीची सोय होईल.

---

हिशेबी_माणूस

ताई, विकायला ठेवलेली किंमत आणि विकली गेलेली किंमत यांत फरक असतो. 'ब्यूटी अँड द बीस्ट'च्या कॅसेटी १९९२ मध्ये निघाल्या, त्या दोन कोटींच्या घरात खपल्या. दोन कोटी घरांत असलेली वस्तू दुर्मीळ कशी होईल? विकल्या गेलेल्या सौद्यांची यादी बघा, बहुतेक कॅसेटी काही डॉलरांतच जातात. काळा हिरा हा फक्त १९८४ ते १९९४ या मालिकेचा शिक्का. १९९४ च्या ऑक्टोबरात 'स्नो व्हाइट' आली तेव्हा मालिकेचं नाव 'मास्टरपीस कलेक्शन' झालं आणि काळा हिरा संपला.

त्याही पुढे नावं बदलत गेली. २००० मध्ये 'गोल्ड', २००१ मध्ये डीव्हीडीवर 'प्लॅटिनम', २००९ मध्ये ब्लू-रेवर पुन्हा 'डायमंड', २०१६ मध्ये 'सिग्नेचर'. प्लॅटिनम, डायमंड आणि सिग्नेचर, तिन्हींचा नारळ 'स्नो व्हाइट'नेच फोडला. मधल्या काळात सिनेमा बाजारातून काढून घ्यायचा, 'तिजोरीत गेला' म्हणून जाहीर करायचं आणि काही वर्षांनी नव्या शिक्क्यासह परत आणायचा. थिएटरात सात वर्षांनी लावायची जुनी पद्धतच ही, फक्त दुकानात आणलेली.

---

सातासमुद्रापार

समजलं. मग विकत नाही. पण टाकतही नाही, हे वाचून तर मुळीच नाही.

---

टोकियो_ते_टिळक_रोड

पुण्यात जपानी शिकवतो, त्यामुळे जिब्ली या जपानी ॲनिमेशन स्टुडिओबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

'माय नेबर तोतोरो' १९८८ चा. अमेरिकेत त्याची व्हीएचएस १९९४ मध्ये फॉक्स व्हिडिओने काढली. १९९६ मध्ये डिस्नेने तोकुमा या जिब्लीच्या मूळ कंपनीशी करार केला, पण तोतोरोचे तिथले हक्क आधीच दुसरीकडे गेले होते. त्यामुळे डिस्नेचं नाव असलेली डीव्हीडी थेट २००६ मध्ये आली, नव्या इंग्रजी आवाजांसह. २०१७ पासून अमेरिकेतल्या डिस्कवर जीकिड्स या वितरकाचं नाव. एकच सिनेमा, तीन पेट्या, तीन नावं.

माझ्याकडे तिन्ही आहेत. विद्यार्थ्यांना दाखवताना मी एकामागोमाग एक सुरुवाती लावतो. आधी कोणाचंही नाव येवो, त्यानंतर निळ्या पडद्यावर तोतोरोची ती बाजूने काढलेली आकृती येते आणि वर्गातली कुजबुज थांबते. ती आकृती मात्र कोणीही बदललेली नाही.

---

सिनेमाच_पुरे

सगळ्यांच्या भावनांचा आदर ठेवून वेगळं मत मांडतो. लोगो ही कंपनीची मुद्रा आहे. चित्रकाराने महिनोन्महिने काढलेली चित्रं लोगोनंतर सुरू होतात. जतन करायचं तर ती चित्रं, ते रंग, तो आवाज. वितरकाची पाटी गेली म्हणून कलाकृतीचं काय नुकसान होतं? दुकानदाराने न विचारता कापायला नको होतं हे मान्य. पण 'इतिहास गेला' म्हणणं मला जास्त वाटतं.

---

निळी_पेटी

तुमचा मुद्दा रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

'स्नो व्हाइट' १९३७ मध्ये प्रदर्शित झाला तेव्हा डिस्नेकडे स्वतःची वितरण कंपनी नव्हती. सिनेमा आरकेओ या दुसऱ्या कंपनीने थिएटरात नेला आणि सुरुवातीला नावही त्यांचंच. 'पीटर पॅन'पर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, असंच चाललं. त्या वर्षी डिस्नेने ब्यूएना व्हिस्टा ही आपली वितरण कंपनी काढली, बरबँकमध्ये स्टुडिओ ज्या रस्त्यावर आहे त्या रस्त्याचं नाव दिलं. मग जुने सिनेमे पुन्हा लागले तेव्हा आरकेओचं नाव काढून तिथे ब्यूएना व्हिस्टा घातलं गेलं. व्हिडिओवर तेच पसरलं. आता एखाद्या मुलीने ती प्रत पाहिली तर तिला वाटेल, १९३७ मध्येही डिस्ने इतकी मोठी होती की सिनेमा स्वतःच देशभर नेत होती. खरं तर तेव्हा ती दुसऱ्याच्या दारात उभी होती. ती एक पाटी बदलली की गोष्टीचा अर्थ बदलतो. लोगोंचे अभ्यासक या प्रकाराला 'प्लास्टर' म्हणतात, जुन्या भिंतीवर नवा गिलावा चढवावा तसा.

चित्रं आणि रंग आधी, हे मलाही मान्य. पण ती चित्रं कोणाच्या पैशाने, कोणाच्या अटींवर आपल्यापर्यंत आली हेही त्याच फिल्मवर लिहिलेलं असताना ते का खरवडायचं?

---

सिनेमाच_पुरे

आरकेओचं उदाहरण माहीत नव्हतं. यावर विचार करतो.

---

मांजर_उंदीर

आमच्या घरात टॉम अँड जेरीच्या डिस्कवर हाच वाद झाला होता, तो आत्ता उलगडला. आत एमजीएमचा सिंह गर्जतो आणि खोक्यावर वॉर्नरची ढाल! मुलगा विचारायचा की नक्की कोणाचं?

मी शोधलं ते असं : कार्टून्स एमजीएमची, १९४० पासूनची, हॅना आणि बार्बेरा यांची. १९८६ मध्ये टेड टर्नरने एमजीएम विकत घेतली, थोड्याच काळात कंपनी परत विकली पण जुन्या सिनेमांचा साठा स्वतःकडे ठेवला. १९९६ मध्ये टर्नरची कंपनी टाइम वॉर्नरमध्ये विलीन झाली. सिंह राहिला कारण तो चित्राचा भाग होता, ढाल आली कारण मालक बदलला.

श्रेकचंही तसंच. २००१ मध्ये ड्रीमवर्क्सची स्वतःची डिस्क, २००६ पासून ड्रीमवर्क्सच्या ॲनिमेशनचं वितरण पॅरामाउंटकडे, २०१३ पासून फॉक्सकडे, २०१८ पासून युनिव्हर्सलकडे. चंद्रकोरीवर गळ टाकून बसलेला मुलगा मात्र आपल्या जागी.

---

वकिली_चष्मा

आपल्याकडच्या व्हीसीडीबद्दल थोडं, कारण तिथे सुरुवातीची पाटी हा कायद्याचा विषय आहे.

व्हिडिओची चोरी फार वाढली म्हणून १९८४ मध्ये स्वामित्वहक्क कायद्यात दुरुस्ती होऊन कलम ५२-अ आलं. व्हिडिओ काढणाऱ्याने प्रत्यक्ष व्हिडिओत आणि वेष्टनावरही तीन गोष्टी दाखवायच्या : प्रमाणपत्र लागत असेल तर सेन्सॉरच्या प्रमाणपत्राची प्रत, व्हिडिओ तयार करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि हक्कदाराची परवानगी घेतल्याची घोषणा, आणि मूळ हक्कदाराचं नाव-पत्ता. न दाखवल्यास कलम ६८-अ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. म्हणून परदेशी कार्टून सिनेमाच्या भारतीय डिस्कवर आधी प्रमाणपत्राचा कागद, मग इथल्या कंपनीचं नाव, मग परदेशी स्टुडिओ.

व्हीसीडीवर साधारण ७४ मिनिटं मावत, त्यामुळे बहुतेक सिनेमे दोन तबकड्यांवर येत. अवांतर : पंचाहत्तर मिनिटांचा एखादा कार्टून सिनेमा केवळ मिनिटभरासाठी दुसऱ्या तबकडीवर गेलेला पाहिलाय, आणि प्रत्येक वेळी उठून तबकडी बदलायचा मान धाकट्या बहिणीचा असे.

तेव्हा धागाकर्त्या ताई, तुमच्या कॅसेटवरची पहिली मिनिटं ही त्या प्रतीची जन्मपत्रिका आहे. कुठे छापली, कोणासाठी, कोणाच्या परवानगीने. मी तर मूळ कागदपत्रासारखी जपीन.

---

टेपवाला_दादरकर

वीस वर्षं एडिटिंगमध्ये काढली, आता घरच्या घरी लोकांच्या कॅसेटी उतरवून देतो, पैसे घेत नाही. काही सूचना.

कोकणातल्या कॅसेटी आहेत, त्यामुळे आधी खिडकीतून टेप नीट बघा. कडेला पांढरी पूड दिसली तर ती बुरशी. ती कॅसेट मशीनमध्ये घालू नका, मशीनही खराब होईल आणि पुढच्या सगळ्या कॅसेटींना लागण होईल. स्वच्छ असेल तर एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवा, मगच उतरवा.

सुरुवातीचा भाग सगळ्यात जास्त झिजलेला असतो. कॅसेट घातली, ओढली गेली, थांबवली, परत मागे, हे सगळे धक्के त्याच काही फुटांवर बसतात. म्हणून लोगो थरथरतो, वरची कड वाकते. मशीन आणि संगणक यांच्यामध्ये टाइम बेस करेक्टर (थरथरणारं चित्र स्थिर करणारं यंत्र) लावला तर बरंच सावरतं. रेकॉर्डिंग आधी सुरू करा, प्ले नंतर दाबा. सुरुवातीचा काळा भागही येऊ द्या. पाल कॅसेट ७२० बाय ५७६, सेकंदाला २५, आहे तशी उतरवा. रेषा 'गुळगुळीत' करायचा पर्याय बंद ठेवा. ते नंतर कधीही करता येतं, उलटं करता येत नाही.

ताई, मुंबईला येणं होत असेल तर कॅसेटी घेऊन या. माझ्याकडचं मशीन तुमच्यासमोर चालवू.

---

निळी_पेटी

दादा, आले होते हे तुम्हाला माहीतच आहे, पण बाकीच्यांसाठी लिहिते.

शनिवारी दादांकडे गेले, आईलाही घेऊन. अकरापैकी दोन कॅसेटींना बुरशी निघाली, त्या बाजूला ठेवल्या. दुकानात दिलेली पहिली कॅसेट पुन्हा लावली. आधी नऊ सेकंद काळं. मग निळ्या पडद्यावर कायद्याचा इशारा, पण अमेरिकी नाही, ब्रिटिश. मग झलकी. मग जादूगार मिकी, वरची कड अजून वाकलेली, पण टोपीवरचे तारे मोजता येतील इतका स्वच्छ. मग किल्ला.

मस्कतहून आली म्हणून आम्ही तिला कायम 'मस्कतची कॅसेट' म्हणत आलो. दादांनी इशारा थांबवून वाचून दाखवला, पेटी उलटून कण्याजवळचं त्रिकोणातलं 'यू' दाखवलं. ब्रिटनमध्ये १९८४ च्या कायद्यापासून विकायच्या व्हिडिओवर तिथल्या सेन्सॉर मंडळाचा असा शिक्का लागतो. म्हणजे ही प्रत तयार झाली ब्रिटनच्या बाजारासाठी, तिथून कधीतरी मस्कतच्या दुकानात गेली, मामाने घेतली आणि रत्नागिरीला आणली. सिनेमाच्या एकाही चित्रात हे लिहिलेलं नाही.

काळी_पाच, किल्ल्याची धून मी फोनवर रेकॉर्ड केली आहे, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. पेटीवर कुठे अडकते ते सांगा. उरलेल्या आठ कॅसेटी पुढच्या दोन शनिवारी.

---

काळी_पाच

मिळाली. पांढरी दोनच्या अलीकडे, अगदी तिथेच. बाबांनाही ऐकवली. त्यांनी पुन्हा लावायला सांगितली.